दोन्ही केबली एक मीटरच्या, तरी १४ पिकोचा फरक: डिफरन्शियल मापनासाठी जोडी कशी निवडावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत तुम्ही १० गिगाबिट वेगाच्या लिंकचा बोर्ड तपासताय. लिंक डिफरन्शियल आहे, म्हणजे एकच सिग्नल पी आणि एन या दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. बोर्डाच्या पी आणि एन या दोन टोकांपासून स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) दोन चॅनेलपर्यंत एकाच मेकच्या, एकेक मीटरच्या एसएमए (आट्यांच्या छोट्या कनेक्टरच्या) केबली लावल्या आहेत. स्कोपवर पी आणि एनच्या कडांमध्ये १४ पिकोसेकंदांचा फरक दिसतोय (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग, पुढे नुसतं पिको). विक्रेता मॅच्ड, म्हणजे दोन्ही केबलींत सिग्नलला सारखाच वेळ लागेल अशी जुळवलेली जोडी घ्या म्हणतो. ती साध्या केबलींपेक्षा बरीच महाग, आणि त्यातही फरक ५ पिकोच्या आत असलेली घ्यायची की १ पिकोच्या हा पुढचा प्रश्न. साहेब विचारतात, दोन्ही केबली सारख्याच आहेत, मग वेगळे पैसे कशाचे? तुमच्याकडे व्हीएनए, म्हणजे वारंवारतेनुसार सिग्नलची घट आणि फेज (लहरीचा कोन) मोजणारं यंत्र, नाही.

मी गेली अठरा वर्षं सातपूरला हायस्पीड बोर्डांच्या टेस्टिंगचं काम करते. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोडी घ्यायची की नाही हे नंतर ठरवू. त्याआधी हे १४ पिको कुणाचे आहेत ते कळायला हवं. ते केबलींचे असतील, स्कोपच्या दोन चॅनेलचे असतील, किंवा तुमच्या बोर्डाचेच असतील. बोर्डाचे असतील तर महागातली महाग जोडी आणली तरी आकडा हलणार नाही, आणि तो हलूही नये, कारण तोच तर तुम्हाला मोजायचा आहे.

यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही, एक बरा पॉवर डिव्हायडर (एका सिग्नलच्या दोन सारख्या वाटा करणारा) उसना मिळाला तरी पुरतो. बोर्ड काढून ठेवा. जलद कड देणारा सिग्नल डिव्हायडरमधून दोन वाटांनी दोन्ही केबलींत सोडा आणि स्कोपवर दोन कडांमधला फरक टिपून ठेवा. हा पहिला आकडा. आता डिव्हायडर आणि स्कोपला हात न लावता फक्त केबलींची अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. हा दुसरा. दोन्ही वेळा ‘चॅनेल एक वजा चॅनेल दोन’ असाच हिशोब धरा, अधिक-उण्याचं चिन्ह सोडू नका. दोन आकड्यांची वजाबाकी करून निम्मी केली की केबलींमधला फरक मिळतो. बेरीज करून निम्मी केली की स्कोप आणि डिव्हायडर यांचा मिळून फरक मिळतो. समजा आधी अधिक ११ आले आणि अदलाबदलीनंतर अधिक ५. म्हणजे केबलींचे फक्त ३ आणि बाकीचे ८ स्कोप-डिव्हायडरचे. डिव्हायडरचा वाटा वेगळा काढायचा असेल तर त्याचीही दोन टोकं अशीच अदलाबदल करून बघा. बोर्ड लावल्यावर १४ दिसत होते, डिव्हायडर लावल्यावर ११, तर साधारण ३ पिको बोर्डाचे आहेत.

इथे एक शंका हमखास येते. स्कोप ४० गिगासॅम्पलचा, म्हणजे सेकंदाला ४० अब्ज नमुने घेणारा असेल तर दोन नमुन्यांमध्येच २५ पिकोचं अंतर असतं, मग १ पिको त्यात दिसणार कसा? एका कडेवरून दिसत नाहीच. पण स्कोप नमुन्यांच्या मधली रेघ गणिताने भरतो आणि तुम्ही हजारो कडांची सरासरी घेता, तेव्हा आकडा पिकोच्या आत स्थिर होतो. म्हणून सरासरी चालू ठेवा आणि आकडा डुलायचा थांबेपर्यंत थांबा. स्कोप चालू करून किमान अर्धा तास झालेला असू द्या.

आता साहेबांच्या प्रश्नाकडे येते. लांबी सारखी असूनही फरक का पडतो? कारण टेपने मोजतो ती लांबी आणि सिग्नलला जाणवते ती लांबी वेगळी. हवेत सिग्नल एका पिकोत ०.३ मिलिमीटर जातो. भरीव टेफ्लॉनच्या केबलीत वेग त्याच्या साधारण सत्तर टक्के, म्हणून दर मिलिमीटरला जवळजवळ ४.८ पिको लागतात. एक मीटरला ४.८ नॅनोसेकंद. तुमचे १४ पिको म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षाही कमी, बाजरीच्या दाण्याएवढी लांबी. कनेक्टर बसवताना केबल तेवढी कमी-जास्त कापली गेली तर नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. आणि लांबी अगदी तंतोतंत ठेवली तरी आतल्या टेफ्लॉनची घनता एका रिळापासून दुसऱ्या रिळापर्यंत बदलते. त्यामुळे वेगात शेकडा एक इतका जरी फरक पडला, तरी एका मीटरमागे ४८ पिको. फोमसारखं हवा भरलेलं टेफ्लॉन वापरलेल्या केबलींत सिग्नल आणखी वेगाने जातो, तेव्हा एक केबल भरीव आणि एक फोमची अशी जोडी लागली तर लांबी बघण्यात काही अर्थच उरत नाही. मॅच्ड जोडीचे पैसे कापण्याचे नसतात. एकाच रिळातून दोन केबली काढून, वेळ मोजून, कनेक्टर जुळवून, पुन्हा मोजून, नोंद करून देण्याचे असतात.

आता १४ पिकोने बिघडतं काय हे बघू, कारण ५ की १ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१० गिगाबिटला एका बिटाची रुंदी १०० पिको, आणि त्याची मूळ वारंवारता ५ गिगाहर्ट्झ. पी आणि एनमध्ये फरक पडला की डिफरन्शियल सिग्नलचा थोडा भाग कॉमन मोडमध्ये, म्हणजे दोन्ही तारांवर एकाच दिशेने हलणाऱ्या भागात, सांडतो. किती सांडतो ते साध्या साइन-कोसाइनवरून निघतं. पाय गुणिले वारंवारता गुणिले वेळेतला फरक असा कोन घ्या. त्याचा कोसाइन म्हणजे डिफरन्शियलमध्ये उरलं ते, साइन म्हणजे कॉमन मोडमध्ये गेलं ते. ५ गिगाहर्ट्झला १४ पिकोसाठी हिशोब केला तर डिफरन्शियल फक्त ०.२ डीबीने घटतो. आय डायग्राममध्ये, म्हणजे सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेल्या चित्रात, ते जेमतेम जाणवेल, कडा थोड्या आडव्या होतील, एवढंच. पण कॉमन मोडकडे बघा. तिथे उणे १३ डीबी! म्हणजे मोड कन्व्हर्जन (डिफरन्शियलमधून कॉमन मोडमध्ये किती सांडतं ते) किंवा कॉमन मोड व्होल्टेज मोजायला बसलात, तर दिसतंय ते बोर्डाचं आहे की केबलींचं हे सांगता येणार नाही. ५ पिकोच्या जोडीला हाच आकडा उणे २२ येतो आणि १ पिकोच्या जोडीला उणे ३६.

स्कोपवर याची ओळख पटवायची असेल तर पी आणि एनची बेरीज मॅथ चॅनेलवर काढा. आदर्श जोडीत ती सपाट रेघ हवी. फरक असला की प्रत्येक कडेच्या जागी तिच्यावर एक टेंगूळ उठतं. एका टोकाचा स्विंग ४०० मिलिव्होल्ट, कड चढायला ४० पिको आणि फरक १४ पिको असेल, तर बेरजेत तब्बल १४० मिलिव्होल्टचं टेंगूळ येतं. एसी कॉमन मोड व्होल्टेजला अनेक हायस्पीड मानकांत मर्यादा घातलेली असते. केबलींच्या चुकीमुळे तुमचा चांगला बोर्ड तिथे नापास होऊ शकतो. याच्या उलटही होतं, बोर्डाचा फरक एका बाजूचा आणि केबलींचा दुसऱ्या बाजूचा असला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि सदोष बोर्ड पास होतो. मला या दुसऱ्याची धास्ती जास्त वाटते, कारण नापास बोर्ड माणूस पुन्हा तपासतो, पास झालेला कुणी तपासत नाही.

म्हणजे फक्त आय डायग्राम बघायचा असेल तर एक उत्तर, कॉमन मोड मोजायचा असेल तर वेगळं. आणि ते पुन्हा यंत्रावर अवलंबून आहे.

स्कोपवर मोजत असाल तर डीस्क्यूची, म्हणजे एक चॅनेल वेळेत मागे-पुढे सरकवण्याची, सोय असते. डिव्हायडरच्या दोन वाटा बोर्डाच्या टोकाला, म्हणजे केबलींच्या पार शेवटी जोडून, प्रत्यक्ष वापरायचे तेच अडॅप्टर लावून, फरक शून्यावर आणा. यात चॅनेल आणि केबली दोन्हींचा फरक एकदम जातो. नुसती वेळ मागे-पुढे असेल तर डीस्क्यू सगळ्या वारंवारतांना सारखं लागू पडतं, म्हणून १४ पिकोच्या साध्या केबलीही १० गिगाबिटच्या आय डायग्रामला चालून जातात. फक्त आय बघायचा असेल तर आज जोडी विकत घेऊ नका, असंच मी सांगेन. मात्र डीस्क्यूने वेळ सरकते, बाकी काही सरकत नाही. एका केबलीत लॉस जास्त असेल, एका कनेक्टरवरून परावर्तन जास्त होत असेल, तर ते तसंच राहतं. लॉसचं फार मनावर घेऊ नका, ०.२ डीबीचा फरक साधारण उणे ३९ डीबी एवढाच कॉमन मोड करतो. खराब कनेक्टरचं मात्र मनावर घ्या.

व्हीएनएवर मोजत असाल तर गोष्ट उलटी आहे. चार पोर्टचं कॅलिब्रेशन केबलींच्या शेवटी केलं की केबलींमधला फरक मापनातूनच निघून जातो. १४ पिको असोत की १४० असोत, ते वजा होतात. तिथे जुळलेली केबल लागत नाही, न हलणारी लागते. कॅलिब्रेशननंतर केबल हलवली, वाकवली, तापली की तिची फेज बदलते आणि जी चूक आपण वजा केली होती ती वेगळ्या आकड्याने परत येते. म्हणून व्हीएनएसाठी पैसे खर्च करायचे तर फेज-स्टेबल केबलीवर करा, ‘मॅच्ड’ या शब्दावर नको. विक्रेते हे दोन शब्द एका दमात उच्चारतात. पण जुळलेली म्हणजे आज दोघी सारख्या, आणि स्थिर म्हणजे वाकवल्या-तापवल्यावरही प्रत्येक जण आपल्या जागी. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

खरी मॅच्ड जोडी लागते ती पॅटर्न जनरेटर किंवा बर्टमधून (चाचणीचे बिट पाठवून चुका मोजणाऱ्या यंत्रातून) सिग्नल बोर्डात सोडताना. जनरेटरला पी आणि एन वेगवेगळे सरकवण्याची सोय नसेल तर केबलीत पडलेला फरक दुरुस्त करायला जागाच उरत नाही, तो थेट बोर्डाच्या रिसीव्हरला जाऊन भिडतो. तुमच्या कामात पुढे रिसीव्हर टेस्ट येणार असेल, तर जोडीची मागणी आत्ताच टाका. दुसरी वेळ येते ती एका टेबलावर तीन पाळ्यांत वेगवेगळी माणसं काम करत असतील तेव्हा. प्रत्येक जण डीस्क्यू करेलच याची खात्री नसते, मग मुळातच जुळलेली जोडी बरी.

आणि ५ की १? इथेही उलट्या बाजूने हिशोब करा. समजा बोर्डाचं मोड कन्व्हर्जन उणे ३० डीबीच्या खाली आहे हे तुम्हाला दाखवायचंय. मापनाची स्वतःची चूक त्याहून निदान १० डीबी खाली हवी, म्हणजे उणे ४०. ५ गिगाहर्ट्झला त्याचा अर्थ ०.६४ पिको. १ पिकोची जोडीसुद्धा तिथे पुरत नाही! ते काम केबलीवर सोडायचंच नसतं, ते व्हीएनएवर कॅलिब्रेशन करूनच करायचं. उलट जनरेटरमधून १० गिगाबिटचा सिग्नल सोडायचा असेल तर ५ पिको म्हणजे बिटाच्या पाच टक्के. मी स्वतः सगळ्या वाटेला मिळून दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, म्हणून तिथे १ किंवा २ पिकोची जोडी मागेन. हे माझं सवयीचं गणित आहे, मानक नाही. वेग २५ गिगाबिटला गेला की बिटाची रुंदीच ४० पिकोवर येते, मग ५ पिकोच्या जोडीचा विचारही नको.

पण १ पिकोच्या मागे लागण्याआधी फिक्स्चरकडे, म्हणजे बोर्ड आणि केबली यांना जोडणाऱ्या चाचणीच्या पीसीबीकडे, बघून घ्या. साध्या एफआर-फोर (काच आणि रेझिनच्या) पीसीबीवर दर मिलिमीटरला ६ ते ७ पिको लागतात. शिवाय आतल्या काचेच्या विणीमुळे एक ट्रॅक काचेवरून आणि दुसरा रेझिनवरून गेला, तर आखणीत लांबी तंतोतंत असूनही वेळेत फरक पडतो. फिक्स्चरच ८ पिकोचं असेल तर १ पिकोची जोडी त्याला लावून हाती काही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुळलेली जोडी जुळलेली राहते का, हे जोडी विकत घेण्यापेक्षा मोठं काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

टेफ्लॉनची एक खोड आहे. १९ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते, घनता पटकन उतरते आणि केबलीची विद्युत लांबीही बदलते. मुंबईच्या एसी लॅबमध्ये हे लक्षातही येत नसेल, पण आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा एक आकडी होतो, निफाडला तर त्याहून खाली, आणि पत्र्याच्या शेडमधली खोली तापायला दुपार उजाडते. एका जानेवारीत सकाळी आठला मी लॅब उघडली तेव्हा भिंतीवरचं तापमापक १४ दाखवत होतं. स्कोप तापू दिला, दोन्ही केबली टेबलावर शेजारी शेजारी ठेवून डीस्क्यू केलं, ०.३ पिकोवर आणलं. मग बोर्ड जोडला आणि मोजायला बसले. कॉमन मोडचे आकडे जरा जास्तच वाटले. दहाच्या सुमारास केबलींची वाट जशी होती तशीच ठेवून बोर्डाच्या जागी डिव्हायडर लावून पाहिला, तर १.९ पिको. कनेक्टर घट्ट, अडॅप्टर तेच. शेवटी बोटं लावून पाहिलं, तर एक केबल कोमट आणि दुसरी गार. बोर्ड जोडताना एक केबल स्कोपच्या मागून गेली होती आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग पंख्याच्या गरम हवेत लोंबत होता. खोली तेव्हा १७ वर, म्हणजे एक केबल १९च्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे.

गणित करून बघा. भरीव टेफ्लॉनच्या केबलीत या टप्प्यावर विद्युत लांबी दशलक्षात काही शे भागांनी बदलते. पाचशे धरले तर ४.८ नॅनोसेकंदांत २.४ पिको. दोन्ही केबली सारख्याच तापल्या असत्या तर दोन्ही सारख्याच बदलल्या असत्या आणि फरक शून्यच राहिला असता. तेव्हापासून माझी जोडी तीन ठिकाणी वेल्क्रो पट्टीने सैल बांधलेली असते, एकीला जिथून न्यायचं तिथूनच दुसरीलाही. वाकवायचं तर दोघींना एकाच वळणाने. हिवाळ्यात खोली २२ अंशांच्या वर गेल्याशिवाय मी डीस्क्यू करत नाही. सिलिका भरलेल्या केबलींना ही अडचण नसते, पण त्या कडक असतात आणि रोजच्या कामाला खर्चाच्या दृष्टीने परवडत नाहीत.

दुसरी गोष्ट आट्यांची. एसएमएला इंचात ३६ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला ०.७ मिलिमीटर. एक बाजू अर्धा फेरा ढिली राहिली तर ०.३५ मिलिमीटरची फट, आणि ती एकटीच १ पिकोच्या वर जाते. तुम्ही १ पिकोची जोडी घेतली आणि नट हाताने आवळले, तर पैसे तिथेच संपले. टॉर्क रेंच घ्याच. पितळी एसएमएला ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलच्या ३.५ आणि २.९२ मिलिमीटर कनेक्टरांना ०.९. आवळताना नट फिरवायचा, केबलीची बॉडी हातात घट्ट धरायची. बॉडी फिरली की आतली पिन समोरच्या पिनेवर घासली जाते आणि पाच-पन्नास जोडण्यांनंतर कनेक्टर वाया जातो. आवळण्याआधी दोन्ही तोंडं भिंगाखाली बघून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना पहिला आठवडा मी एवढंच काम देते.

अडॅप्टरचंही तेच. एका केबलीला नर-मादी बदलायला अडॅप्टर लावला आणि दुसरीला नाही, तर १५ मिलिमीटरचा अडॅप्टरसुद्धा ५० पिकोच्या वर नेतो. लावायचा तर दोन्हींना, एकाच मेकचा, एकाच मॉडेलचा. आणि तो लावूनच डीस्क्यू करायचं. तुमचे १४ पिको तपासताना हे आधी बघा, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत एन बाजूला एक वेगळ्या रंगाचा कनेक्टर दिसतोय.

आता पैसे कमी असतील तर काय करता येतं ते सांगते. आम्ही सुरुवातीला मॅच्ड जोडी घेऊ शकत नव्हतो. तेव्हा एकाच लॉटमधल्या साध्या सहा केबली मागवल्या आणि पुण्याला तासाच्या भाड्याने व्हीएनए मिळायचा तिथे घेऊन गेलो. सहा केबलींतून दोन-दोनच्या पंधरा जोड्या होतात. सगळ्यांचा वेळ मोजून वहीत लिहिला: ४८१२, ४८०७, ४८२१, ४७९५, ४८०८, ४८३० पिको. ४८०७ आणि ४८०८ या दोघींना निळी श्रिंक स्लीव्ह चढवली, त्यांची जोडी ठरली. ४८१२ आणि ४८२१ यांचं नातं काही जमलं नाही, त्या बाकीच्या कामाला गेल्या. ही जोडी आम्ही तीन वर्षं वापरली.

व्हीएनएवर तुलना करताना पहिल्या केबलीची फेज मेमरीत ठेवा आणि दुसरीची तिच्याशी भागून बघा. नुसता वेळेचा फरक असेल तर वारंवारतेबरोबर सरळ उतरणारी रेघ येते. १० गिगाहर्ट्झला दर पिकोमागे ३.६ अंश. रेघेला लाटा असतील तर कनेक्टरवरून परावर्तन होतंय असं समजा. तशी केबल सरासरीत कितीही जुळली तरी जोडीत घेऊ नका.

नाशिकहून पुण्याला दोनशेच्या वर किलोमीटर नेताना केबली लॅपटॉपच्या बॅगेत दुमडून टाकू नका. आम्ही येवल्याच्या पैठणीचं सपाट खोकं वापरतो. त्यात २५ सेंटिमीटर व्यासाची सैल गुंडाळी आरामात बसते, आणि चंदनापुरी घाटातले धक्के बसूनही परत आल्यावर आकडे तसेच मिळतात. तोंडांवर टोप्या लावलेल्या असाव्यात.

जोडी विकत घ्यायचीच ठरली तर विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचारा. जुळणी कुठल्या वारंवारतेपर्यंत मोजली, कारण ६ गिगाहर्ट्झपर्यंत जुळलेली जोडी १८ला जुळेलच असं नाही. मोजलेल्या आकड्यांचा कागद त्या दोन अनुक्रमांकांसह मिळेल का. वाकवल्यावर फेज किती बदलते. आणि आत टेफ्लॉन भरीव आहे की फोमचं. ‘मॅच्ड’ असं नुसतं बिलावर लिहून देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि जोडीतली एक केबल खराब झाली तर तिच्या जागी तिसरी आणून लावू नका. उरलेली एकटी साध्या कामाला वापरा.

तुम्ही आज करायचं ते एवढंच. एन बाजूचा वेगळा कनेक्टर काढून दोन्हीकडे सारखा लावा, दोन्ही नट टॉर्क रेंचने आवळा, मग डिव्हायडर लावून अदलाबदलीचे दोन आकडे घ्या, चिन्हांसह. त्या वेळचं खोलीचं तापमान लिहून ठेवा. आणि पुढे रिसीव्हर टेस्ट करायची आहे का, तेही सांगा. हे कळवलंत तर ५ पिकोची जोडी घ्यायची, १ची घ्यायची की काहीच नको, ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.